सुतकाची पाटी

जोसाया लडलम गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात दोन वाद झाले. पहिला शवपेटीच्या कड्यांचा: पितळी की चांदीचा मुलामा दिलेल्या? तो नाश्ता संपायच्या आत मिटला. दुसरा दारावरच्या पाटीचा. तो अंत्ययात्रेच्या दिवसापर्यंत चालला, आणि ज्यांनी सुरू केला त्यांच्या हातून मिटला नाही.

मार्लस्टोत घरंदाज माणूस वारला की त्याच्या दारावर चौकोनी लाकडी पाटी चढते, एका कोपऱ्यावर उभी केलेली. तिच्यावर मयताचं कुलचिन्ह रंगवतात. वर्षभर ती सुतकाची पाटी दारावर राहते, मग चर्चच्या भिंतीवर जाते आणि तिथे तिच्यावर पिढ्यान् पिढ्या धूळ बसते. व्हिनेगरच्या कारखानदाराच्या दारावर अशी पाटी चढण्याची गावातली ही पहिलीच वेळ होती. त्यामुळे दुःखापेक्षा घाई जास्त होती.

"डावीकडे आपला सिंह, उजवीकडे आईची पाणमांजरं. विषय संपला," हम्फ्री म्हणाला. तो जोसायांचा एकुलता मुलगा. वडील जाऊन एक रात्र झाली होती, पण टेबलाच्या टोकाची त्यांची खुर्ची त्याला आधीच नीट बसत होती.

"तीन पाणमांजरं," ऑल्डकॉट मामांनी दुरुस्ती केली. "रुपेरी ढालीवर. आणि तोंडं डावीकडे. माझ्या पणजोबांच्या वेळी एका गाढवाने ती उजवीकडे वळवली होती, म्हणजे पळून जाताना दाखवली होती. आमचं पाणमांजर पळत नाही." मामा हे हम्फ्रीच्या दिवंगत आईचे भाऊ. त्यांच्या घराण्याकडे सहाशे वर्षांचा इतिहास आणि एक बरा कोट होता. जेवायला ते बहुतेक लडलमांकडेच असत.

"आणि ती?" हम्फ्रीची बायको लेटिस हिने भुवईने वरच्या मजल्याकडे खूण केली. "तिला नको का एखादं जनावर?"

"मिसेस प्रॉसरला?" हम्फ्री हसला. "निळ्या ढालीवर दोन डाव आणि एक पळी."

"खाली केरसुणी," मामा म्हणाले. "उभी. मान वर केलेली."

सगळे हसले. वर मयत आहे हे लक्षात येताच सगळ्यांनी एकदम रुमाल काढले.

मिसेस प्रॉसर म्हणजे केझाया. ती या घरात कारभारीण म्हणून आली आणि आठ वर्षांपूर्वी जोसायांनी ब्रिस्टलला नेऊन तिच्याशी रीतसर लग्न केलं. चर्चमध्ये, दोन साक्षीदारांसमोर. हे लग्न मार्लस्टोतल्या सगळ्यांना माहीत होतं आणि ते माहीत नसल्याचं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मुलांनी कारभारणीचं जुनं नाव चालू ठेवलं, गावाने मुलांचं अनुकरण केलं. मृत्युपत्रात मात्र जोसायांनी स्पष्ट लिहिलं होतं की कारखाना हम्फ्रीला, आणि हे घर 'माझी पत्नी केझाया' हयात असेतोवर तिला.

"वकील काय म्हणाला?" डॉर्कस आत्यांनी विचारलं. जोसायांची ही थोरली बहीण पाद्र्याची विधवा होती आणि भावाच्या घरी उन्हाच्या खोलीत राहत होती.

"कायदा तिच्या बाजूने आहे म्हणाला." हम्फ्रीने टोस्टवर लोणी लावलं. "असू दे ना. कायदा काही संध्याकाळी चहाला येऊन बसत नाही. या घरात तिच्याकडे कोण येणार? अंत्ययात्रेला सगळा जिल्हा येईल, पाटी बघेल. पाटीवर बाबा आणि आई. मग ही बाई कोण? महिनाभर एकटी बसेल आणि मग स्वतःहून जाईल. जायच्या तयारीतच आहे ती. मी हमालही सांगून ठेवलाय."

"कधीचा?"

"अंत्ययात्रेच्या दुपारचा. ताटकळायला नको."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला थिओडोसिया पेन्सिलीला टोक काढत होती. जोसायांची ही मुलगी हम्फ्रीपेक्षा मोठी आणि अविवाहित. कुलचिन्हांची भाषा या घरात पूर्णपणे तिला एकटीलाच येत होती. लहानपणी बाप तिला रविवारी चर्चमध्ये भिंतीवरच्या पाट्या दाखवायचा आणि विचारायचा, सांग, हा कोण, याची बायको कुठली, आधी कोण गेलं? इतर मुलींना बाहुल्या मिळाल्या, तिला गरुड आणि पंखांचे ग्रिफिन मिळाले. जोसायांना वाटायचं आपण तिला उच्च समाजात वावरायला तयार करतोय. उच्च समाजाने तिला कधी बोलावलं नाही. ते ज्ञान तिच्याकडे तसंच पडून राहिलं, न वापरलेल्या चांदीच्या भांड्यांसारखं, रोज पुसलेलं.

"थिओ, तू पाटीचा नकाशा काढ," हम्फ्री म्हणाला. "टर्व्ही रंगवेल. गाड्यांच्या दारांवर छान काढतो तो. आणि हे बघ, मी इथे राहायला आलो की घर तूच सांभाळायचंस. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

"अर्थात," लेटिस म्हणाली. "माझ्या देखरेखीखाली."

जिन्यावर पावलं वाजली. केझाया दारात उभी राहिली. हातात पाहुण्यांना वाटायच्या शोकाच्या हातमोज्यांचा गठ्ठा होता. ती रुंद खांद्यांची, सावकाश बोलणारी बाई होती आणि तिने किती ऐकलं हे तिच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे.

"पुरुषांचे हातमोजे आलेत," ती म्हणाली. "चर्चच्या रेक्टरांना मोठे लागतील. आणि हम्फ्रीसाहेब, पाटीवर माझं काही नको. पळीसुद्धा नको."

गठ्ठा टेबलावर ठेवून ती परत वर गेली.

"बघ," हम्फ्री बहिणीला म्हणाला. "तिची हरकत नाही."

*

मधल्या बोळात आत्यांनी थिओडोसियाचा दंड धरला.

"हम्फ्री जनावरांमध्येच अडकलाय. खरी गोष्ट त्याला माहीतच नाही. पार्श्वभूमी काय करणार आहेस?"

"आत्या..."

"सगळी काळी कर. कोपरासुद्धा सोडू नकोस."

आत्यांना हे कळत होतं याचं थिओडोसियाला आश्चर्य वाटलं नाही. आत्यांनी नवऱ्याची तीस वर्षांची प्रवचनं पहिल्या बाकावर बसून, समोरच्या भिंतीवरच्या पाट्या वाचत सोसली होती. ढालीवरची जनावरं सांगतात माणूस कुठल्या घराण्यातला. ढालीमागची पार्श्वभूमी सांगते कोण मेलं आणि कोण जगतंय. मेलेल्याच्या बाजूला काळा रंग, जिवंत जोडीदाराच्या बाजूला पांढरा. सगळी काळी म्हणजे गेलेल्या पुरुषाच्या मागे बायको नाही. ज्यांना वाचता येतं ते रस्त्यावरून जाताना एवढं एका नजरेत वाचतात, आणि जिल्ह्यातल्या जुन्या घराण्यांना ते वाचता येतं.

"सगळी काळी म्हणजे बाबा विधुर गेले," थिओडोसिया म्हणाली. "ते खोटं आहे."

"लाकडाच्या फळीला कसलं आलंय खरं-खोटं?"

"मग आग्रह कशाला?"

"कारण ही बाई गेली की तू आणि मी इथे सुखाने राहू. तुझ्या आईच्या घरात. आईचं काही वाटतं की नाही तुला?"

थिओडोसियाला आईचं वाटत होतं. केझायाबद्दल तिला प्रेम नव्हतं. केझाया आल्यावर आईचा पियानो माडीवर गेला आणि बाप जेवताना मोठ्याने हसायला लागला. या दोन्ही गोष्टी तिने माफ केल्या नव्हत्या. आठ वर्षं एका घरात राहून तिने केझायाला एकदाही हाक मारली नव्हती. 'मिसेस प्रॉसर' म्हणवेना आणि 'आई' म्हणणं अशक्य. तेव्हा ती संबोधन लागणार नाही अशी वाक्यं रचायची, आणि त्यात ती आता तरबेज झाली होती.

"बघते," ती म्हणाली.

"बघू नकोस, कर," आत्या म्हणाल्या.

*

वरच्या खोलीत पडदे ओढलेले होते. जोसाया पलंगावर, हनुवटीला पट्टी बांधलेले, प्रथमच कुणाला काही न सांगता पडले होते. केझाया खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात टोपीला शोकाची काळी क्रेपची पट्टी शिवत होती. भिंतीशी दोरीने बांधलेली ट्रंक होती.

"बसते," थिओडोसिया म्हणाली.

"बसा ना, मिस थिओ."

"वडिलांच्या बाजूला काही चिन्ह होतं का? घराण्यात? कधीतरी?"

केझायाने सुई थांबवली. "माझा बाप सेव्हर्न नदीवर होडी चालवायचा. या काठचे लोक त्या काठाला. चिन्ह म्हणाल तर होडी गळायची. सगळा गाव ओळखायचा."

थिओडोसियाला हसू आलं. प्रेताकडे बघून तिने ते आवरलं.

"सामान बांधलेलं दिसतंय."

"ग्लॉस्टरला बहीण आहे. तिच्याकडे एक खोली मोकळी आहे. तिथे तिचा नवरा कांदे ठेवतो."

"पण हे घर... मृत्युपत्र वाचलंय मी. इथून कुणालाच हलवता येणार नाही."

"मला माहितीये. ते म्हणालेच होते मला, केझी, आता तुला कुणी उठवणार नाही." तिने पलंगाकडे पाहिलं. "भला माणूस. पण पुरुषांना वाटतं घर म्हणजे भिंती. घंटा कोण वाजवणार हो दाराची? आठ वर्षांत एक बाई माझ्याकडे म्हणून आली नाही. रेक्टरांची बायको यायची ती मागच्या दाराने, लोणच्याला व्हिनेगर हवं म्हणून. ते होते तोवर चालून गेलं. रात्री जेवताना बोलायला माणूस होता. आता या एवढ्या घरात मी कुणाशी बोलू? तुमच्याशी?"

थिओडोसियाने ट्रंकेच्या दोरीच्या गाठीकडे पाहिलं.

"तुम्ही तर मला हाक पण मारत नाही," केझाया म्हणाली. तिचा सूर तक्रारीचा नव्हता. दूध नासलंय हे सांगावं तसं तिने सांगितलं. "मी मोजत नाही बसले. पण लक्षात येतंच ना."

"आणि कोणी आलं तर? चार चांगल्या बायका समोरच्या दाराने आल्या तर?"

"तर कशाला जाईन? मला काय कांद्यांची हौस आहे?" सुई पुन्हा चालू झाली. "पण नाही यायच्या. त्या पाटीवर माझं काही नको असं मी म्हटलं ते यासाठीच. उगाच पळी काढतील नि हसतील. ते गेलेत, आता त्यांच्या दारात कुणी हसायला नको."

थिओडोसिया तिथून उठली आणि आपल्या खोलीत जाऊन कागदासमोर बसली. लडलमांचा सिंह काढायला तिला विचार करावा लागत नव्हता. लाल ढालीवर सोन्याचा सिंह, पंजात द्राक्षांचा घोस. द्राक्षं यासाठी की लोकांना वाटावं घराण्याचा धंदा वाइनचा. त्या वाइनचं पुढे काय व्हायचं ते चिन्हात येत नव्हतं. जोसायांनी तो सिंह लंडनच्या एका दुकानातून आणला होता. आडनाव सांगा, दुकानदार जुन्या पुस्तकात बघून त्या आडनावाचं चिन्ह शोधून देत असे. सिंह खरा होता, फक्त तो दुसऱ्या परगण्यातल्या दुसऱ्या लडलमांचा होता. थिओडोसियाला हे एकोणिसाव्या वर्षी कळलं आणि तिने बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "त्यांच्याकडे पडून होता, मी कामाला लावला." त्यानंतर तो सिंह तिने स्वतःच्या हाताने घोडागाडीच्या दारावर रंगवला होता.

म्हणजे एक खोटं तिने याआधी रंगवलं होतं. ते बापाचं होतं आणि त्याने कुणाला घराबाहेर काढलं नव्हतं. हे दुसरं हम्फ्रीचं होतं.

आणि तिला दयाही फारशी येत नव्हती, हे ती स्वतःशी कबूल करत होती. ती विचार करत होती तो पाटीचा. ही पाटी चर्चमध्ये जाईल. शंभर वर्षांनी एखादा बाप एखाद्या मुलीला विचारेल, सांग, याच्या मागे कोण होतं? आणि ती मुलगी, सगळं नीट शिकलेली, चुकीचं उत्तर देईल.

तिने रेघा मारायला सुरुवात केली.

*

नकाशा टेबलावर पसरला तेव्हा सगळे भोवती उभे राहिले. तो बिनरंगी होता, खोदकाम करणाऱ्यांच्या रीतीने काढलेला: लाल रंगासाठी उभ्या रेघा, सोन्यासाठी ठिपके, काळ्यासाठी आडव्या-उभ्या रेघांची जाळी. जिथे पांढरं किंवा रुपेरी तिथे काहीच नाही, कोरा कागद. टर्व्हीला ही रीत पाठ होती. हम्फ्री, लेटिस आणि मामा यांना ती माहीत नव्हती, आणि माहीत नाही असं कुणी म्हणणार नव्हतं.

"सिंहाचा चेहरा जरा मेंढीसारखा झालाय," लेटिस म्हणाली.

"तो बाबांच्या वेळेपासून तसाच आहे," हम्फ्री म्हणाला. "आयाळ जास्त घे, थिओ."

"पाणमांजरांची तोंडं बरोबर आहेत," मामा नाक कागदाला लावून म्हणाले. "बायकोच्या बाजूला वरचा भाग दिलास. योग्य. खाली का जागा सोडलीस?"

ढालीच्या उजव्या अर्ध्यात वर तीन पाणमांजरं होती. खालचा भाग कोरा होता. ढालीमागे सगळीकडे रेघांची दाट जाळी होती, फक्त उजवीकडचा खालचा कोपरा मोकळा होता.

"ती जागा तशीच असते," थिओडोसिया म्हणाली.

"असते, असते," मामा घाईने म्हणाले. "आमच्या आजोबांच्या पाटीवरही होतीच बहुतेक."

"ब्रीदवाक्यासाठी असेल," हम्फ्री म्हणाला. "किंवा वर्ष घालायला. छान. भारदस्त दिसतंय. आत्या, बघ गं. आणि हो, बोलता बोलता आठवलं. लेटिसच्या आई आमच्याबरोबर येणार. त्यांना छातीचा त्रास, त्यांना ऊन लागतं. तेव्हा तुझी खोली त्यांना देऊ. तुला उत्तरेकडची."

"उत्तरेकडची," आत्या म्हणाल्या.

"शांत आहे ती."

"तिथे तुझ्या आजोबांना ठेवलं होतं. दोन हिवाळ्यांत संपले."

"ते म्हातारे होते, आत्या."

आत्यांनी चष्मा लावला आणि नकाशावर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या राहिल्या. त्यांचं बोट रेघांच्या जाळीवरून सावकाश फिरत उजव्या खालच्या कोपऱ्यापाशी आलं आणि कोऱ्या कागदावर थांबलं.

"हे पूर्ण झालंय?" आत्यांनी विचारलं.

"हो, आत्या."

"इथे अजून काही यायचं नाही?"

"नाही."

आत्यांनी चष्मा काढून मिटला. त्यांनी आधी हम्फ्रीकडे पाहिलं, मग लेटिसकडे.

"मला काही चूक दिसत नाही," त्या म्हणाल्या. "सही कर, हम्फ्री. टर्व्ही ताटकळलाय."

हम्फ्रीने नकाशाच्या खाली झोकदार सही केली.

*

अंत्ययात्रेच्या सकाळी टर्व्हीची माणसं शिडी घेऊन आली. रंगाला अजून ओला वास येत होता. काळे घोडे दारात आले होते, पिसांचे तुरे हलत होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभा होता. पाटी वर चढली तेव्हा हम्फ्री टोपी हातात धरून खाली उभा होता.

"तो कोपरा पांढराच राहिला," तो म्हणाला.

"सहीच्या नकाशात तसाच होता," थिओडोसिया म्हणाली.

"उठून दिसतो. वर्ष नंतर घालू." मग त्याचं लक्ष रस्त्याकडे गेलं. जिल्ह्यातल्या बड्या घरांच्या घोडागाड्या येऊ लागल्या होत्या. रीत अशी की बडी माणसं स्वतः येत नाहीत, पडदे ओढून रिकामी गाडी पाठवतात आणि ती शवाच्या मागून चालते. हम्फ्री रिकाम्या गाड्या मोजत होता आणि गाडीगणिक त्याची मान ताठ होत होती. मानद न्यायाधीशपदासाठी त्याचं नाव जायचं होतं. या गाड्यांत त्याला ते दिसत होतं.

"व्हेनेबल्सांची!" लेटिस कुजबुजली. "हम्फ्री, व्हेनेबल्सांची गाडी!"

जिल्ह्यातली सर्वांत जुनी गाडी दारात थांबली. नोकराने दार उघडलं आणि गाडी रिकामी नव्हती. तिच्यातून काठी उतरली, मग काळा रेशमी घोळ, मग म्हाताऱ्या लेडी व्हेनेबल्स स्वतः उतरल्या. लोक म्हणायचे त्या वर्तमानपत्र घेत नाहीत. गाडीतून दारांवरच्या पाट्या बघतात आणि जिल्ह्याची सगळी बातमी त्यांना कळते.

हम्फ्री पायऱ्यांवरून जवळजवळ घसरतच खाली गेला. "लेडीसाहेब! हा सन्मान... वडिलांना..."

"तुमच्या वडिलांचं व्हिनेगर चांगलं होतं," लेडी व्हेनेबल्स म्हणाल्या. "थांबा जरा." त्यांनी दांडीचा चष्मा डोळ्याला लावला आणि मान वर केली. रेक्टरांची बायको, बँकवाल्यांची बायको, डॉक्टरांच्या दोघी बहिणी, सगळ्या जिथे होत्या तिथून म्हातारीचा चेहरा वाचू लागल्या, कारण पाटी वाचण्यापेक्षा ते सोपं होतं.

"सिंह," लेडी व्हेनेबल्स म्हणाल्या. "बरं. पाणमांजरं. ऑल्डकॉट. ही पहिली, हिच्या मागे काळं, म्हणजे ही गेलेली." चष्मा खाली सरकला. "आणि खाली पांढरं. दुसरी आहे. घराण्याचं चिन्ह नाही, पण हयात आहे." त्यांनी चष्मा मिटला. "तुम्ही दुसऱ्या आईचं काही बोलला नाहीत कधी, मिस्टर लडलम. आहेत कुठे त्या?"

हम्फ्रीचा चेहरा आधी गोंधळला आणि मग सावकाश, एकेक रेघ करत, त्याला पाटी कळली. तो वळून थिओडोसियाकडे पाहू लागला.

"लेडीसाहेब, ते... त्या कोपऱ्यात गैरसमज..."

"कसला?"

ही पाटी चुकली आहे असं म्हणायचं तर आपण वाचता न येणाऱ्या गोष्टीवर सही केली हे कबूल करावं लागणार होतं, तेही जिल्ह्यातल्या सगळ्यांत जुन्या चष्म्यासमोर. पाटी बरोबर आहे म्हणायचं तर आत एक लडलमबाई होती. मामा मध्ये पडले.

"आमची पाणमांजरं, लेडीसाहेब, सहाशे वर्षं..."

"दिसली, मिस्टर ऑल्डकॉट. तोंडं बरोबर आहेत. मी विधवा बाईंना भेटायला आले आहे. पुरुषमंडळी कबरीवर जातील तोवर त्यांच्याजवळ कुणीतरी बसायला हवं. की तुमच्याकडे तशी पद्धत नाही?"

"आहे," हम्फ्री म्हणाला. "अर्थात आहे."

काळे घोडे खोळंबले. हम्फ्रीने लेडी व्हेनेबल्सना हात दिला आणि पायऱ्या चढून आत नेलं. दिवाणखान्याचं दार उघडं होतं. केझाया ट्रंकेशेजारी साध्या खुर्चीवर बसली होती, अंगावर शाल, निघायच्या तयारीत. ती उठून उभी राहिली. हम्फ्रीने तोंड उघडलं आणि बंद केलं.

"लेडी व्हेनेबल्स," तो शेवटी म्हणाला, "या मिसेस लडलम."

"मिसेस लडलम," लेडी व्हेनेबल्स म्हणाल्या आणि हात पुढे केला. "फार वाईट झालं हो. मी माझ्या दोन नवऱ्यांना पोचवलंय. पहिला आठवडा झोपायचा प्रयत्नच करू नका."

केझायाने तो हात धरला. तिच्या चेहऱ्यावरून कधी काही कळत नसे, आता कळलं. आठ दिवस कोरड्या डोळ्यांनी हातमोजे मोजणारी बाई त्या अनोळखी म्हातारीचा हात धरून ढसाढसा रडली, आणि म्हातारी तिच्याबरोबर तशीच उभी राहिली.

बाहेर रेक्टरांच्या बायकोने घागरा सावरला. तिने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा व्हेनेबल्सांच्या गाडीकडे, आणि समोरच्या पायऱ्या चढू लागली. तिच्या मागे बँकवाल्यांची बायको निघाली. तिच्या मागे डॉक्टरांच्या बहिणी, आपण नेहमीच येत असतो अशा चेहऱ्याने.

दुपारी यायचा हमाल वेळेआधीच हातगाडी घेऊन कोपऱ्यावर येऊन थांबला होता. आत्यांनी त्याला खुणेने परत पाठवलं.

हम्फ्री बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. शवपेटीमागे आपल्या जागी जाता जाता तो बहिणीपाशी थांबला.

"आता तू माझ्या घरी यायचं नाहीस," तो दात आवळून म्हणाला. "कळलं? कधीच नाही. बघू तुझी ती ठेवते का तुला."

मग काळे घोडे हलले आणि तो त्यांच्यामागे चालू लागला. त्याच्यामागे मामा आणि त्यांच्यामागे रिकाम्या गाड्या.

"कारटे," डॉर्कस आत्या म्हणाल्या, "माझी उन्हाची खोली वाचली. पण तुझं काय? तुझ्यासाठी मृत्युपत्रात एक ओळ नाही. घर आता त्या बाईचं. राहणार कुठे तू?"

"इथेच राहायची इच्छा आहे."

"तिला विचारावं लागेल."

"हो," थिओडोसिया म्हणाली. "त्यासाठी आधी हाक मारावी लागेल."

दारात बायकांची रांग लागली होती. एकेक जण आत जाऊन, हात हातात घेऊन, दोन शब्द बोलून पुढे सरकत होती. थिओडोसिया ज्या घरात जन्मली त्या घराच्या पायरीवर, डॉक्टरांच्या धाकट्या बहिणीच्या मागे जाऊन उभी राहिली.